उत्तरेला सरकणारं रान

अण्णा आणि काका, म्हणजे माझे वडील आणि त्यांचा पाठचा भाऊ, एकमेकांशी बोलत नसत. पण सख्खे भाऊ, रानाला रान लागून, विहीर एक, विहिरीवरची मोटर एक. बोलल्यावाचून चालणार कसं? म्हणून ते गुळव्यांशी बोलत. गुळवे म्हणजे आमच्या शिवारातल्या गुऱ्हाळाचे मालक. काहिलीपाशी उभं राहून उसाचा रस आटवायचं काम ते स्वतःच करत, म्हणून अख्खं गाव त्यांना गुळवेच म्हणायचं. काहिलीच्या एका अंगाला अण्णा बसत, दुसऱ्या अंगाला काका. मध्ये रस आणि गुळवे.

“गुळवे, म्हनावं काही लोकांना, मोटरीचा फ्यूज उडालाय,” अण्णा म्हणत.

काका हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर बसलेला. तरी गुळवे इमानेइतबारे मान वळवून सांगत, “फ्यूज उडालाय म्हनत्यात.”

“त्यांना म्हनावं, कालच बसवला हुता. कुनी उडीवला ते बगा.”

गुळवे पुन्हा इकडे मान वळवत. एकाहत्तर संपून बहात्तर लागलं त्या हिवाळ्यात त्यांची मान जेवढी फिरली, तेवढा त्यांचा चरकसुद्धा फिरला नसेल.

भांडण बांधाचं होतं. कोपरगाव तालुक्यात आणखी कशाचं असणार? आजोबांनी हयातीतच वाटणी करून दिली होती. उत्तरेकडचं रान काकाला, दक्षिणेकडचं आम्हाला, मध्ये बांध आणि बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड. दगड आजोबांनी स्वतःच्या हातानं पुरला होता. आजोबा गेले, आणि पुढे एका पावसाळ्यात काकानं तो दगड उपटून हातभर आमच्या रानात पुरला, असं अण्णांचं म्हणणं. काका म्हणायचा, मी त्या दगडाला हात लावला असेल तर हात झडून जाईल माझा. काकाचे दोन्ही हात चांगले धडधाकट होते, त्यामुळे अण्णा जास्तच चिडत.

आता हातभर रानात असा किती ऊस येणार? पण बांधाच्या भांडणात ऊस कोण मोजतो? तिथं नाक मोजतात. अण्णांनी आईला बजावलं, त्यांच्या घरी पाऊल टाकायचं नाही. काकानं काकूला बजावलं. दोघी विहिरीवर धुणं धुताना एकमेकींकडे पाठ करून बसत आणि साबणाची वडी मात्र एकच वापरत. हे दोघा भावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळं असंच सुखानं चाललं असतं, पण ताईचं लग्न ठरलं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माझ्या जन्मानंतर आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती. काकूला तोवर मूलबाळ नव्हतं. तिनं ताईला उचलली ती वर्षभर कडेवरून खाली ठेवलीच नाही. पुढे काकूला तिची मुलं झाली, आई बरी झाली, पण ताईला ताप आला की ती हाक काकूलाच मारायची. आमची ताई म्हणजे गरीब गाय. आयुष्यात तिनं कधी काही मागितलं नव्हतं, अगदी यात्रेत फुगासुद्धा नाही. ती साखरपुडा झाल्याच्या संध्याकाळी चुलीपुढे बसून म्हणाली, “माझी पहिली हळद काकू लावील. ती येनार नसंल तर मला हळदच लावू नका. तशीच पांढऱ्या तोंडानं उभी ऱ्हाते.”

घर हादरलं. अण्णा आधी ओरडले, मग समजावून पाहिलं, मग जेवले नाहीत. ताई ढिम्म. गायीनं शिंगं उगारली की बैलापेक्षा वाईट, असं आई म्हणाली ते खरंच होतं.

अडचण अशी होती की आमच्याकडे भावकीला लग्नाचं आवतण घरातल्या कर्त्यानं स्वतः जाऊन द्यायचं असतं. कुंकू-अक्षता घेऊन दारात उभं राहायचं. आणि अण्णा म्हणत होते, त्या चोराच्या उंबऱ्यावर मी जाणार नाही. तिकडे काकानं गुळव्यांमार्फत कळवलं होतं, “दारात आलं तर आमी मांडव घालायला पुढं हाओत. पन चोर म्हनून बोलावनार असतील तर म्हनावं, चोर लग्नाला येत न्हाईत.” लग्न चैत्रात होतं. माघ लागला तरी दोघं आपापल्या जागी, त्या दगडापेक्षा घट्ट पुरलेले.

यात मी कुठं होते? मी कोपरगावला कॉलेजात होते, प्री-डिग्री सायन्सला. खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारच्या एस्टीनं घरी यायची. शिवारातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच, त्यामुळे माझं ज्ञान माझ्या अंगात मावत नसे. कॉलेजच्या लायब्ररीत मासिकं यायची. त्यात जगभरच्या शास्त्रज्ञांनी नवीन काय काय शोधून काढलं ते छापलेलं असायचं. मी आठवडाभर ते वाचायची, आणि शनिवारी उन्हं कलली की गुऱ्हाळावर जाऊन चिपाडाच्या ढिगावर बसून सगळ्यांना सांगायची. गरम काकवी खायला मिळायची हेही खरं आहे. पण मुख्य म्हणजे मला सांगायची खाज होती, आणि चुकीचं ऐकलं कुणी की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती खोड अजून गेलेली नाही. माझ्या नातवंडांना विचारा.

एक सांगते, माझ्या त्या श्रोत्यांइतकं लक्ष देऊन शास्त्र ऐकणारी माणसं मला पुढं कुठल्या वर्गात भेटली नाहीत. फक्त प्रत्येक जण ऐकायचा ते आपल्या कामाचं काय आहे हे बघायला.

चंद्रावरून आणलेल्या दगडांचं मी सांगितलं. माणसं तिथं जाऊन दगड घेऊन आली, ते प्रयोगशाळेत तपासले, तर आपल्या इथल्या दगडांपेक्षा कितीतरी म्हातारे निघाले. अण्णांनी चिलीम बाजूला ठेवली आणि विचारलं, “दगडाचं वय कळतंय व्हय? मंग त्यो मागनं कुनी हलवला, त्ये बी कळत आसंल की.” मी म्हटलं, तसं नाही कळत. अण्णा म्हणाले, “मंग कशाला येवढ्या लांब गेलते?”

मधमाशीचं सांगितलं. एखाद्या माशीला गोड काही सापडलं, की ती पोळ्यावर परत जाऊन नाचते, आणि त्या नाचावरून बाकीच्यांना दिशा कळते, अंतरसुद्धा कळतं. गुऱ्हाळावर माश्यांचा नुसता घोंगाट असायचा. गुळवे हातातला झारा तसाच धरून माश्यांकडे बघत राहिले. “म्हंजी ह्यातली एकच फितूर हाय,” ते म्हणाले, आणि ती फितूर हुडकायला फडकं घेऊन मागं लागले. तिनं त्यांच्या कानाच्या पाळीला हिसका दाखवला. पुढचा शनिवार त्यांनी कानाला चुना लावून काढला.

कोंबडीचं सांगितलं तेव्हा काका खूश झाला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर जे अवाढव्य सरडे फिरत होते, त्यांच्याच कुळातून पक्षी आले असावेत, असं काही जण आता पुन्हा ठासून म्हणू लागलेत, असं मी म्हटलं. काकाला रविवारी रस्सा लागायचाच. त्यानं थोडा विचार केला आणि छाती पुढं काढली. “गुळवे, आयकलं का? आमी दर रईवारी राक्षेस खातो.”

आणि एकदा मेंदूचं. मेंदूचे दोन भाग असतात, मधे त्यांना जोडणारा पूल असतो. काही रोग्यांचा तो पूल डॉक्टरांनी कापला, तर दोन्ही भाग आपापलं वेगळं वागायला लागले. एका रोग्याचा उजवा हात सदऱ्याची गुंडी लावायचा आणि डावा सोडायचा.

“म्हंजी डोस्क्यात बी भावकी हाय,” गुळवे म्हणाले.

सगळं गुऱ्हाळ हसलं. दोघं जण तेवढे हसले नाहीत; एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला.

तर अशात माघातल्या एका शनिवारी मी जमिनीचं सांगितलं. म्हटलं, पृथ्वीचं कवच अखंड नाही. अंड्याला तडे जावेत तसे त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि ते तुकडे सरकतात. वर्षाला दोन-चार बोटं. आपला हा देश एके काळी कुठल्या कुठं खाली समुद्रात होता, तो सरकत सरकत इथवर आलाय. नव्यानंच हे शास्त्रज्ञांना पटायला लागलंय.

एरवी लोक मध्येच बोलायचे, टिंगल करायचे. त्या दिवशी चुलाणातली चिपाडं तडतडताना ऐकू येत होती. चंद्र, माशी, मेंदू हे परक्याचं होतं. जमीन म्हणजे त्यांचं स्वतःचं खातं.

“जिमीन सरकती?” गुळव्यांनी विचारलं.

“सरकते.”

“आपसूक?”

“आपसूक.”

काका उठला. धोतर झटकलं. टोपी नीट केली. “गुळवे, समद्यांनी आयकलं न्हवं? कॉलेजातली पोरगी सांगतीय, माजी न्हाई, त्यांचीच पोरगी सांगतीय. जिमीन आपसूक सरकती. आता म्हनावं काही लोकांना, दगडाचा गुन्हा मानसावर घालू नका.” एवढं बोलून तो निघून गेला.

“अहो काका, तसं नाही ते,” मी मागनं ओरडले. पण त्याला हवं होतं तेवढं मिळालं होतं.

रविवारी सकाळपर्यंत ही बातमी ओढ्यापलीकडे गेली. सोमवारी मी एस्टीत बसले तर मागच्या बाकावर दोन परकी माणसं तेच बोलत होती. आमच्या पंचक्रोशीत जेवढे बांध कोरलेले होते, ते आठवडाभरात सगळे आपसूक सरकलेले ठरले. पिढ्यान्‌पिढ्यांचे चोर एका शनिवारात साव झाले. आणि वर म्हणायचे, कॉलेजातली पोरगी सांगतीय. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी आठवडाभर लायब्ररीत बसून त्या विषयावरचं होतं नव्हतं तेवढं सगळं वाचून काढलं. पुढच्या शनिवारी एकेकाला धरून समजावायचं असं ठरवूनच मी घरी आले.

घरी आले तर आई शेवयांचं पीठ मळत होती आणि ताई चक्क गुणगुणत होती.

अण्णांनी मानलं होतं. “शास्त्रच म्हनतंय तर मानसानं काय म्हनायचं?” असं म्हणाले म्हणे. मला आधी खरंच वाटेना. मग लक्षात आलं, अण्णांनासुद्धा सुटका हवी होती. भावाला चोर म्हणायचं नाही, स्वतः खोटं पडायचं नाही, दगड आहे तिथं राहू द्यायचा. सुंठीवाचून खोकला जात होता. गुळव्यांच्या मध्यस्थीनं ठरलं होतं की रविवारी दुपारी दोघांनी गुऱ्हाळावर चार माणसांसमोर म्हणायचं, दोष जमिनीचा. तिथूनच अण्णा कुंकू-अक्षता घेऊन काकाच्या दारात जाणार होते. आईनं कुंकवाचा करंडा घासूनपुसून ठेवला होता.

ताईनं मला गोठ्यामागं ओढत नेलं. “उद्या तू तोंड उघडायचं न्हाई.”

“पण ते साफ चूक आहे, ताई. दोघांची जमीन वेगवेगळी कशी सरकेल?”

“मंग तुझं बरूबर घेऊन बस. माझ्या अंगाची हळद उतरली, की सांग साऱ्या गावाला. तवर गप.”

तिचे डोळे भरलेले बघून मी गप्प बसले. गप्प बसणं मला मुळीच शोभत नाही, त्या संध्याकाळी आईनं दोनदा विचारलं की पोटात दुखतंय का.

आणि रविवारी सकाळी अण्णा भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले. “व्हय गं, कंच्या अंगाला सरकती म्हनालीस?”

मी दुधात भाकरी कुस्करत राहिले.

“न्हाई, सरकती ते खरं. पन उत्तरंला का दखनंला? दखनंला सरकत आसंल तर ठीक हाय. त्याच्या रानातनं दगड माझ्या रानात आपसूक आला. पन उत्तरंला सरकत आसंल,” अण्णांनी भाकरी ताटात ठेवली, “तर दगड त्याच्या रानात जायाला पायजे हुता. त्यो माझ्या रानात हाय. म्हंजी कुनीतरी हातभर न्हाई, दोन हात वढलाय. सरकल्याला सुदीक परत वढलाय.”

ताकाला जाऊन भांडं लपवायचा माणूस नाही माझा बाप. म्हणाला, गुऱ्हाळावर सगळ्यांसमोर विचारतो. ताई चुलीशी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओठांनीच म्हणाली, दखन.

जमीन उत्तरेला सरकते. मी काय करू? मी सरकवली नव्हती.

दुपारी गुऱ्हाळावर माणसं जमली. रस नुकताच काहिलीत ओतला होता आणि खालून जाळ लागला होता. काकू काकाची भाकरी घेऊन आली होती, ती बायकांत मागं पदर पुढं ओढून उभी. काकू थोरल्या दिरासमोर कधी बोलत नसे, ती रीतच होती. लग्न होऊन आली तेव्हापासून अण्णांनी तिचा आवाज समोरासमोर ऐकलेला नव्हता. ताई घरी होती. लग्न ठरलेली पोर, तिला कोण बाहेर सोडतंय?

अण्णांनी खाकरून विचारलं, “पोरी, जिमीन कंच्या अंगाला सरकती?”

माझ्या डोळ्यापुढं ताईचे ओठ आले. खरं सांगते, दक्षिण हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. पण तो बाहेर येईना. आठवडाभर वाचलेलं सगळं आडवं आलं.

“उत्तरेला,” मी म्हटलं.

मग काय विचारता. अण्णांनी आपला हिशेब सगळ्यांसमोर मांडला. दोन हात! माणसं आपापसात बोलायला लागली, कुणी बोटानं मातीत रेघा काढून पडताळा घेऊ लागलं. काकाचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला. अण्णा उठायला लागले. कुंकवाचा करंडा त्यांच्या मांडीशी होता, तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला. मला दिसलं, की माझ्या एका शब्दानं ताईची हळद गेली.

मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. “थांबा,” मी म्हटलं. “दोघंही चुकताय. ऐकायचं अर्धं आणि भांडायचं पुरं. इकडं या आणि बघा.”

रस तापायला लागला होता. वर मळी धरली होती, दाट, काळसर साय. तिचे मोठमोठे तुकडे होऊन ते मधून कडेकडे सरकत होते. मी चिपाडाच्या दोन काड्या मोडल्या आणि एका तुकड्यावर जवळ जवळ ठेवल्या.

“ही मळी म्हणजे जमीन. ही काडी अण्णांचं रान. ही काकाचं. मधे बांध. आता सरकतंय ते बघा.”

अण्णा ह्या अंगानं वाकले, काका त्या अंगानं. मळीचा तुकडा सावकाश निघाला. दोन्ही काड्या त्याच्यावर. एक पुढं जाईना, एक मागं पडेना. दोघींमधलं अंतर होतं तेवढंच.

“सगळं एकदम जातं,” मी म्हटलं. “दोन्ही रानं, बांध, दगड, विहीर, हे गुऱ्हाळ, कोपरगाव, श्रीरामपूर, अकोल्याचे डोंगर, पार दिल्लीपर्यंत. कुणालाही कुणाचं केसभर मिळत नाही.”

तुकडा काहिलीच्या कडेला जाऊन दुसऱ्या तुकड्याला भिडला. तिथं मळी चेपली, सुरकुत्या पडल्या आणि वर फुगवटा आला.

“आणि हे बघा. आपला देश वरच्या देशांना जाऊन धडकलाय, अजून रेटतोय. मधे हा जो उंचवटा आला ना, तो हिमालय.”

गुळवे झारा टेकून त्या फुगवट्यावर वाकले. “म्हंजी आपून अख्खा देश मिळून चीनचा बांध कोरतोय,” ते म्हणाले. “आनि ह्यो निघाला त्यो मातीचा ढीग.”

असा हशा पिकला की झाडावरचे कावळे उडाले. डिसेंबरातली लढाई संपून थोडेच दिवस झाले होते, माणसांना देशाचा अभिमान नवा नवा होता. एक जण म्हणाला, बांध कोरावा तर असा. काका हसला. अण्णासुद्धा हसले, मिशीआड, पण मी बघितलं.

तेवढ्यात गुळव्यांना आपलं काम आठवलं. मळी काढायची वेळ टळली तर गूळ काळा पडतो. त्यांनी झारा घातला, तो मळीचा तुकडा दोन्ही काड्यांसकट उचलला आणि खांद्यावरून मागं, मळीच्या खड्ड्यात फेकून दिला. त्यांच्या मनात काही नव्हतं, हातासरशी केलं. पण दोघा भावांनी माना वळवून आपली दोन्ही रानं खड्ड्यात जाताना बघितली. हसणं एकदम थांबलं.

काका काहिलीवरून सरळ अण्णांकडे बघत होता. गुळव्यांकडे त्यानं मान वळवलीच नाही.

“दादा, दोन हात न्हाई,” तो म्हणाला. “दोन हात म्हनू नगंस. एकच हात हलीवला म्या.”

इतकी वर्षं हात झडायच्या शपथा घेतलेला माणूस, जास्तीचा एक हात अंगावर येतोय म्हणून पहिला कबूल करून बसला होता.

अण्णा उभेच राहिले. मला वाटलं, आता झारा उचलतात. ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मग खाली बघत म्हणाले, “मंग बराबर हाय.”

“काय बराबर हाय?”

“दगड. म्या बी एकच हात हलीवला हुता. उत्तरंला. तुज्या आदी.”

आधी कुणाला उमगलंच नाही. मग एकेकाच्या तोंडावर ते उजाडत गेलं. एकानं हातभर तिकडं नेला, दुसऱ्यानं हातभर इकडं आणला. दगड आजोबांनी जिथं पुरला होता तिथंच होता. त्या दगडापायी दोघी जावा इतकी वर्षं पाठीला पाठ लावून धुणं धूत होत्या. जगातले सगळे शोध मी गुऱ्हाळावर सांगितले, पण त्या माणसांनी एवढा आ कधी वासला नव्हता.

मला हसावं की कुणाला तरी बदडावं कळेना. आणि तुम्हाला वाटेल, आता भावांनी गळ्यात गळे घातले असतील. कसलं काय. काकाचं कपाळ आक्रसायला लागलं.

“माज्या आदी म्हंजी कवा?” तो म्हणाला. “म्हंजी पयला चोर तू? आन येवढी सालं मला चोर म्हनत हुतास?”

“मंग तू काय रामनवमीचं पुन्य म्हनून हलीवलास?”

“त्ये सोड. पयला कोन, त्ये सांग.”

दोघं आता समोरासमोर भांडत होते, गुळव्यांची मान रिकामी झाली होती. आवाज चढले. भांडण नवं होतं आणि पहिल्यापेक्षा चांगलं टिकेल असं दिसत होतं.

तेव्हा मागून काकू पुढं आली. बायकांनी तिचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. ती काहिलीपाशी येऊन अण्णांसमोर उभी राहिली. मान खाली होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“भावजी, पोरीची हळद कुटून ठिवलीय म्या.”

अण्णांनी हातातली टोपी डोक्यावर घातली.

“साखरपुडा झाल्याचं आयकलं त्याच दिशी कुटली. आवतानाची वाट बगितली न्हाई. आता डब्यात ठिवून ठिवून वास उडाया लागलाय तिचा. तुमचं कवा उरकायचं तवा उरका, पन मला पोरीकडं जाऊ द्या.”

काका खाली बसला. अण्णांनी खिशात हात घालून कुंकवाचा करंडा काढला. काकूला बोट लावायचं तर बाई हवी, म्हणून त्यांनी करंडा माझ्याकडे दिला, आणि मी भर गुऱ्हाळात, मळीनं बरबटलेल्या बोटानं काकूला आवतणाचं कुंकू लावलं. दारात जाण्याची रीत राहिली ती राहिली.

“या मंग,” अण्णा म्हणाले. “घर ठावं हाय न्हवं?”

“सरकलं नसंल तर ठावं हाय,” काकू म्हणाली.

मी तिथून जी पळत सुटले ती घरापर्यंत. ताई ओसरीच्या कडेला बसली होती, सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. माझा अवतार बघून ती म्हणाली, “उत्तर म्हनालीस ना? मला वाटलंच हुतं.”

मी तिला दगडाचं सांगायला लागले, कुणी कधी किती हलवला ते. ती ऐकतच नव्हती. मग मी काकूचं सांगितलं. ती अण्णांशी बोलली, समोर उभं राहून बोलली. ताईनं मला दंडाला धरून खाली बसवलं.

“हळद कवा कुटली म्हनली?”

“साखरपुडा झाला त्याच दिवशी.”

ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती ढसाढसा रडायला लागली. मीही रडले. बांधाच्या वाटेनं काकू हळदीचा डबा घेऊन येताना दिसली, तरी आमचं थांबलं नव्हतं.